वरच्या बांधावरची बाटली

४ ऑगस्ट
पुन्हा गढूळ! विहीर सामाईक, पण चिखल एकट्या दादाचा. वडिलांनी वाटण्या केल्या – भावाचं शेत वर, माझं खाली, त्याखाली विहीर. तो उताराला उभं नांगरतो, मग पाऊस पडला की त्याची माती माझ्या शेतातून थेट पाण्यात! यावरूनच दोन वर्षांपूर्वी वाजलं. तेव्हापासून अबोला. त्याचं तोंडही दिसू नये म्हणून मी मधे पत्र्याचं कुंपण घातलंय.

५ ऑगस्ट
लेकीचा फोन. बाळ दोन महिन्यांचं झालं. "आई, आधी पाणी तपास. नाहीतर मी येणार नाही." म्हणजे माझ्या नातीने माझ्याकडे यायचं की नाही, हे आता दादाचा नांगर ठरवणार? बघतेच!

९ ऑगस्ट
प्रयोगशाळेतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नायट्रेट फार आहे. उकळूनसुद्धा बाळाला देऊ नका." खतातून येतं म्हणे, पावसाबरोबर वाहत. म्हटलं, कुणाचं खत ते मला पक्कं ठाऊक आहे.
"वरच्या बांधावरचं पाणी आणलंत का? नुसतं विहिरीचं बघून कसं कळणार?"
मला शिकवतात! पण त्यांच्याकडून दोन रिकाम्या बाटल्या घेऊन आले. पुरावा हवा ना? देते पुरावा!

१० ऑगस्ट
तक्रारीचा अर्ज लिहिला. दादाचं नाव ठळक.
विहिरीवर वहिनी भेटल्या. घागरीच्या तोंडावर कापड, दुहेरी. म्हटलं, "सांगा तुमच्या नवऱ्याला, अर्ज तयार आहे." त्या चिडल्या नाहीत. "एकदा वर येऊन बघा तरी, वन्सं." एवढंच. मी मान फिरवली.

१४ ऑगस्ट
सकाळपासून धो धो. छत्री उलटी, एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. एक बाटली कुंपणाच्या पलीकडे जाऊन भरली, एक विहिरीच्या काठाशी. चिकटपट्टीवर लिहिलं – 'दादा', 'विहीर'.
पलीकडे काय बघितलं ते लिहिणार नाही. अहवाल येऊ दे.

१९ ऑगस्ट
आला. 'दादा' – जवळजवळ स्वच्छ. 'विहीर' – तेच विष.
आता लिहिते. दादाच्या बांधावर कमरेएवढं गवत आहे. सगळ्या सऱ्या उताराला आडव्या. कधी केलं कोण जाणे, मी पत्र्याकडे पाठ करून बसले होते.
आणि माझ्या सऱ्या? सरळ खाली, विहिरीकडे. "उतार एवढासाच आहे, उभं नांगरलं की लवकर उरकतं," ट्रॅक्टरवाला म्हणाला होता. मला तेच ऐकायचं होतं. काठावरचं गवत मीच उपटलं – तीन सऱ्या जास्त निघतात म्हणून! युरियाही दुप्पट टाकला, पावसाच्या तोंडावर.
दोन वर्षं वहिनी माझा चिखल गाळून पितायत. लाज वाटते. लेकीला कळवलं, इतक्यात येऊ नकोस. का, तेही सांगितलं.

२० ऑगस्ट
अर्ज फाडला नाही. दादाचं नाव खोडलं, तिथे माझं लिहिलं. कुंपणाचे दोन पत्रे उचकटले आणि वर गेले. दार त्यानेच उघडलं.
म्हटलं, "तक्रारदार म्हणून सही कर. आणि गवताची रोपं दे."