कोथिंबीर आणि अबोली

प्रिय करिश्मा,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि माझं राहून जातं. तुझ्या हळदीचं मी काय ठरवलं, ते सांगायचंय. डोंबिवलीतल्या तुझ्या इंग्रजीच्या क्लासची पोरं गप्प बसून ऐकतात म्हणे, आज तूही बस.

तुझी आवडाआत्या आपल्याकडे बाळकुमात येऊन गेली, ते तुला माहीतच आहे. वाईट नाही गं ती. तुझे बाबा गेले तेव्हा तीच माझ्याजवळ झोपायची. पण ती म्हणाली, हळदीचा पहिला हात सवाष्णीचा, मी आत बसून जेवणाकडे बघावं. मी हो म्हणाले. तू चिडलीस, आई पुढे नसेल तर हळदच नको म्हणालीस, तर मी तुलाच ओरडले. लग्नाच्या तोंडावर भांडण नको होतं मला. पण खरं सांगते, वाईट वाटलं. खूप वाटलं. तुला न्हाऊमाखू घातलं मी, आणि हळद लावायची दुसरीने!

काल मांडववाला रत्नदीप अंगण मापायला आलेला, पार्लरवाली शिवानीही तेव्हाच आली. मला मेलीला इंग्रजी दाखवायची हौस. ऐटीत सांगितलं तिला, नवरीला छान गार्निश कर. ती हसून हसून खाली बसली. रत्नदीप विचारतो, वरून ओलं खोबरं पण घालायचं का? मेला आगाऊ!

मग तुझी शिकवणी आठवली. मागे भाजी निवडताना सांगितलेलंस, डेकोरेट मांडवाला, गार्निश पोह्यांना, वरून कोथिंबीर भुरभुरतात ते, आणि ॲडॉर्न माणसाला, फूल, दागिना अंगावर शोभतो तसं. आपलं एक सजवणं सगळ्याला पुरतं, ह्यांना एवढे शब्द कशाला, असं मी म्हणालेही होते.

ती दोघं गेल्यावर तो ॲडॉर्न शब्दच घोळवत बसले. अगं, तू माणसाला म्हणालीस, सवाष्णीला नाही म्हणालीस. मी माणूसच आहे ना? आज सकाळी आत्याकडे गेले आणि सांगून टाकलं, करिश्माला पहिली हळद मी लावणार. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग विचारलंन, साडी कुठली नेसणार? म्हणून हे पत्र. येताना गजरे आणशील, त्यात एक जास्त आण. अबोलीचा. माळायचा मात्र तूच, माझी सवय गेलीय.

तुझीच, इंग्रजीत अजून कच्ची,
आई