देवाची उजवी, माझी डावी

१३ जुलै, रविवार
प्राची आली ठाण्याहून. नातीनं येताना आजीला काय आणावं? भाजी नाय, फळ नाय, मोबाइलात तंबूचा फोटो. म्हणे आजोबांना नॅशनल पार्कात न्यायचंय, दोन दिवस तंबूत राहायला. कुठलं पार्क? तर आमचं फणसाड. तिथं आता तंबू मिळतो, गादी मिळते, सकाळी चहा पण मिळतो. चोवीस वर्षं म्हाताऱ्यानं त्या रानात वनमजूर म्हणून दगड उचलले, आता तिथं गादीवर झोपायचं.
म्हातारा ऐकून असा हसला की कवळी सुटली.
"आजी, बेस्ट सीझन कुठला गं?"
म्हटलं, न जाण्याचा.

१४ जुलै, सोमवार
सकाळपासून तेच. म्हाताऱ्यानं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलंय, मांडीवर घेऊन बसलाय. त्याचं म्हणणं, गौरी गेल्या की त्याच आठवड्यात जायचं. पाऊस सरत आलेला, ओढे भरलेले, सगळं हिरवं. पोरगा दिनेश म्हणतो उन्हाळ्यात जा. "बाबा, तुम्हीच सांगायचा ना, पाणी आटलं की जनावर पाणवठ्यावर येतंच." प्राचीच्या मोबाइलात लिहिलंय नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
मी म्हटलं मार्गशीर्ष. भात घरात आलेलं, जमीन सुकी, जळवा नाय, साप बिळात.
"तुला रानातलं काय ठावं?"
"चोवीस वर्षं डबा कोण पोचवत होतं? शेकरू?"
मग हळूच, मार्गशीर्ष लई लांब हाय गं.
लांब कसला. कॅलेंडराची पाच पानं.

२७ जुलै, रविवार
भाताची लावणी संपली. कंबर माझी राहिली नाय.
म्हातारा रोज चहाबरोबर एकच विचारतो. कधी? मी म्हणते, चहा पी आधी. जुने बूट काढून तेल लावून ठेवलेन. गुडघे चालत नायत, बूट चालायला हवेत ह्याला.

११ ऑगस्ट, सोमवार
काल दिनेश वैतागला. "रोज भांडता. गावदेवाला, बहिरीला कौल लावा आणि मोकळे व्हा." त्याची आज कामावर पहिली पाळी, म्हातारा चढ चढू शकत नाय. मीच गेले.
देवळात गुरवतात्या एकटेच. श्रावणी सोमवार पण सगळी गर्दी शंकराच्या देवळात. तात्यांनी दोन फुलं भिजवून देवाच्या दोन्ही अंगांना लावली. मी गाऱ्हाणं घातलं, बाबा रे, गौरी गेल्यावर ह्यांना रानात न्यावं का? हो असलं तर उजवी दे, नाय तर डावी.
फार वेळ लागला नाय. देवाच्या उजव्या अंगाचं पडलं. म्हणजे माझ्या डाव्या हाताचं. देव आपल्याकडे तोंड करून बसतो, त्याची उजवी ती आपली डावी. शेंबड्या पोराला पण ठावं असतं.
तात्या म्हणाले, दिली बघा उजवी. न्या वैनी म्हाताऱ्याला.
घरी आले. पडवीत वाट बघत बसलेला. "काय झालं?"
"डावीकडचं पडलं."
खोटं नाय. डावीकडचंच पडलं.
वाटलं भांडेल. नाय भांडला. देवाच्या शब्दापुढे हा कधी बोलला नाय. "बरं. मग मार्गशीर्ष." कॅलेंडर परत खिळ्याला लावलंन. खिळा सापडेना, दोन वेळा भिंतीवर टेकवलंन.

१२ ऑगस्ट, मंगळवार
दिनेशनं प्राचीला कळवलं. ती म्हणाली देव नको म्हणतोय तर नको.
आज चहाबरोबर काय विचारलं नाय त्यानं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
मंगळवारी गौरी गेल्या. घर रिकामं.
लिहू की नको.
माझी नंदी तीन वर्षांची होती. गौरी उठल्या आणि तापली. नदीला पाणी, होडी बंद, हे रानात चौकीवर. निरोप धाडला तो पोचला की नाय देव जाणे. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा मी खोली सारवत होते. अडतीस वर्षं झाली. त्या दिवसावर मी एक शब्द बोलले नाय, त्यांनीपण नाय. दिनेशला एवढंच ठावं की एक बहीण होती.
आणि ह्याच आठवड्यात म्हाताऱ्याला त्याच रानात जायचं होतं, बुटाला तेल लावून, हसत. देवाला काय जातंय उजवी द्यायला. त्याची पोर नव्हती.
मार्गशीर्षात जा म्हणावं. खुशाल जा. मी भाकऱ्या बांधून देते.

२४ सप्टेंबर, बुधवार
वही उघडायला पाच दिवस लागले.
शुक्रवारी सकाळी चहाचा कप हातातून पडला. मी ओरडले, नीट धर. त्यानं परत धरायला बघितलं. हात उचलेना. तोंड एका बाजूला गेलं. मी तरी ओरडतच होते, सांडलास ना, सांडलास ना.
अलिबागला आहे. अर्धांग. डॉक्टर म्हणाला, उजवी बाजू गेली.
मी विचारलं, त्यांची उजवी की तुमच्या बाजूनं?
दिनेश म्हणाला, आई, तू बाहेर बस.

५ ऑक्टोबर, रविवार
घरी आणलं. गोळ्या सकाळी ३, रात्री २. दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर.
बोलणं गेलं. एकच शब्द राहिलाय. कधी. पाणी हवं, कधी. चादर ओली झाली, कधी. माशी बसली नाकावर, कधी. डॉक्टर म्हणाला असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाय. बरं झालं सांगितलंन.
प्राची आली. तिला बघून रडला. कधी, कधी, कधी.
ती म्हणाली, "आजी, आजोबा ट्रिपचं विचारतायत गं."
म्हटलं, माशीचं विचारतायत. पंखा लाव.
मग चुलीपाशी येऊन बसली. "तेव्हाच गेलो असतो तर... पण देवच नको म्हणाला. त्याला माहीत असणार. रानात असं झालं असतं तर काय केलं असतं आपण." आणि देवळाच्या दिशेनं हात जोडलेन.
गौरी गेल्या त्या आठवड्यात रानात गेला असता तर झटक्याच्या तेरा दिवस आधी गेला असता. धडधाकट. माघारी पण आला असता. रानातलं सांगून सांगून माझं डोकं खाल्लं असतंन.
मी डाळ निवडत होते. निवडतच राहिले. चार माणसांची डाळ, तास गेला.

१९ ऑक्टोबर, रविवार
उद्या दिवाळी. आमच्याकडे फराळ नाय, कोण खाणार. कापणी दिनेशनं माणसं लावून केली.
गुरवतात्या बघायला आले. खाटेशी बसले, म्हाताऱ्याचा हात हातात धरला. मग म्हणाले, "देवानं उजवी दिली होती. रान बघून आला ना एकदा?"
दिनेश म्हणाला, उजवी? आई तर डावी म्हणाली होती.
दोघं माझ्याकडे बघायला लागले. म्हातारापण बघत होता.
माझं तोंड, जन्मभर जगाला टाकून बोललं, ते आज पण थांबलं नाय. "तात्या, मोतीबिंदू पिकलाय तुमचा. डावी दिलीन देवानं. मी समोर होते."
तात्यांनी म्हाताऱ्याचा हात खाली ठेवला. "असंल वैनी. असंल. दिसत नाय हल्ली नीट."
चहा अर्धा ठेवला त्यांनी. जाताना दिनेशच्या चपला घालून गेले.

२ नोव्हेंबर, रविवार
दूधवाला सांगत होता, तात्यांनी कौल लावायचं सोडलं. तळ्याकडचं कोण पोरीच्या सोयरिकीचं विचारायला आलं होतं, त्याला तसाच माघारी धाडला. म्हणाले, मला उजवं डावं उमजत नाय आता, माझ्या हातून एकाचं वाटोळं झालं, दुसऱ्याचं नको.
म्हणजे आमचं. म्हाताऱ्याचं.
दिनेश म्हणतो बरं झालं, डोळे गेले होते त्यांचे. आधीच सोडायला हवं होतं. बाबा रानात तरी जाऊन आले असते.
आपल्याच पोराच्या तोंडून दुसऱ्याला शिव्या, आणि मी भाकरी थापतेय.
तात्यांना नीट दिसतं. परवा रस्त्यात मला लांबून ओळखलं आणि वाट बदलली.

९ नोव्हेंबर, रविवार
प्राचीचा फोन. ती ऐकत नाय. मार्गशीर्षातले तीन शनिवार काढलेत, चाकाची खुर्ची बघितलीय, ऑफिसातले चौघे येतात म्हणे उचलायला. "तूच म्हणाली होतीस ना मार्गशीर्ष बेस्ट? फक्त देवाला परत विचारून ये. या वेळी हो म्हणेल बघ."
कोण विचारणार, म्हटलं. गुरव नाय.
"त्यांचं चुकलंच ना पण आजी?"
फोन कट झाला असं केलं.
दुपारी पेज भरवत होते. घरात कोण नव्हतं. म्हटलं, ऐका. त्या वेळी उजवी दिली होती देवानं. मी डावी सांगितली. नंदी गेली त्या आठवड्यात तुम्ही रानात जाणार होता हसत, ते मला बघवलं नसतं.
पेज ओठाच्या कडेनं खाली आली. पुसली. त्यानं डावा हात काढला चादरीतून आणि माझं मनगट धरलंन. घट्ट. एवढा जोर कुठून आला. रागानं धरलंन की कसं, कळलं नाय. चेहरा अर्धाच हलतो, अर्ध्यावरून काय समजायचं.
सगळ्याला कधी म्हणणारा माणूस. काय बोलला नाय. दिवे लागेपर्यंत एकदापण नाय. मी पाणी हवं का विचारलं, पंखा लावू का विचारलं. म्हटलं, बोल काहीतरी मेल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज सकाळी बोलला. कधी. कावळा बसला होता कठड्यावर.
मला रडायला आलं कावळ्यामुळे.

१६ नोव्हेंबर, रविवार
दिनेशला तात्यांकडे धाडलंय. येत नसतील तर धरून आण म्हटलं. तो विचारतोय कशाला. प्राची पण निघालीय, रोह्याहून रिक्षात बसल्याचा फोन आला.
सगळ्यांसमोर एकदाच सांगणार. दोनदा माझ्याच्यानं होणार नाय.
दिनेश बोलायचा बंद होईल, त्याचं ठरलेलं. तो बापावर गेलाय, चाळीस वर्षं गप्प राहू शकतो. प्राचीचं सांगता येत नाय. तिला आधी नंदी कोण ते सांगावं लागेल.
मग तात्यांना म्हणणार, मार्गशीर्षाचा कौल तुम्हीच लावायचा. मी लांब बसेन, तोंड फिरवून. देव काय देईल ते दिनेश बघेल. आणि माझ्या गाऱ्हाण्याला आता देवानं कान द्यावा की नाय, ते त्याचं तो ठरवेल.
म्हाताऱ्याला धुतलेला सदरा घातलाय. टेकवून बसवलंय. दाराकडे बघतोय.
फाटक वाजलं. एकच माणूस आहे. तात्या असले तर बरं, त्यांची माफी पोरांदेखत नको.
नाय. पोरांदेखतच हवी.