हिरव्या ठिपक्याची माशी

मळा, ता. नरखेड
९ सप्टेंबर २०२४

चि. हर्षाले ताईचे आशीर्वाद, वि. वि.

फोनवर बाबा बाजूलेच बसून राहतात, म्हणून नोंदींच्या वहीत चिठ्ठी घालून एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिली.

तुझ्या प्रकल्पासाठी विहिरीवरल्या मोटारीच्या खोलीतल्या गांधीलमाश्यांवर माझी नजर आहे. पहाटे सुस्त असतात तेव्हा नवीन तिघींले ठिपके दिले. तुझा रंग संपला, तर तिसरीसाठी पोळ्याले बैलांच्या शिंगांले लावून उरलेला हिरवा घेतला. बाबा म्हणतात, आता त्यांले झूलही शिव. हिरवी मोठी भांडखोर, राणीपुढेही दबत नव्हती. पण तीन दिवस झाले, दिसली नाही.

आता माझं काम. बारावीले बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म निघाला आहे. महिनाअखेरपर्यंतच घेतात. माझा दहावीचा दाखला न मार्कशीट तुझ्या फायलीत गेले, ते पाठवून दे. पास झाली तर अमरावतीले शिकायले जायचं मनात आहे. बाबांले अजून बोलली नाही. तेहतीस वर्षांची विद्यार्थिनी म्हणून हसू नको वं.

जेवत जा. माया आहेच.
तुझी जयवंताताई

बेसा, नागपूर
११ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

वही मिळाली. ताई, काल वर्गात जे ऐकलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या माश्यांमध्ये नराला बापच नसतो, तो न फळलेल्या अंड्यातून निपजतो. त्यामुळे एका आईबापाच्या बहिणींचं नातं आपल्यासारखं अर्धं नसतं, पाऊण असतं. कामकरी माशी आपली अंडी न घालता आईची पिल्लं वाढवते, तरी त्या बहिणींमधून तिचंच काही पुढे जातं. तिचा त्याग वाया जात नाही! मला तूच दिसलीस. माझ्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी लिहिणार आहे, ‘आमच्या घरट्यातल्या कामकरी बहिणीस’.

दाखला दिवाळीत येताना आणीन. इतक्या वर्षांनी एवढी घाई कशाला? बाबांचं पथ्य, संत्र्याचा बगीचा, सगळं तुझ्यावरच तर आहे. इथे खोलीत एकटीचा कुकर लावताना मी डोळे मिटते, आणि तू फाटकात पदराला हात पुसत उभी दिसतेस. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

हिरवी तीन दिवस दिसली नाही, म्हणून नियमाप्रमाणे तिच्यापुढे ‘हरवली’ लिहिलं आहे. वाईट वाटलं.

तुझी माया अशीच पुरू दे.
हर्षा

मळा, ता. नरखेड
१६ सप्टेंबर

चि. हर्षाले आशीर्वाद.

तुझी पाऊण बहिणीची गोष्ट दोनदा वाचली. बाबांले सांगितलं की यांच्या नराले बाप नसतो. ते म्हणाले, मंग लग्नपत्रिकेत काय छापतात वं?

पण ते त्यागाचं लिहू नको. माय गेली तेव्हा तू सहा वर्षांची, मी अकरावीत. तू ओट्यावर मोठ्याने धडा वाचायची, न मी भाकर थापता थापता पुढचा शब्द तुझ्याआधी मनात म्हणायची. कधी वाटे, पुस्तक ओढून घ्यावं तुझ्या हातातून. तुझं शिकणं मले आवडलं, खोटं नाही सांगत. पण माझी भूक त्यानं भागली नाही. तू शिकली म्हणजे मीच शिकली, असं काहून समजतेस?

न हिरवी हरवली नाही. पेरूच्या झाडावर एकटीच घर बांधून राहिली आहे. त्यात चार छोटी घरं झाली, एकेकात एक एक अंडं. तू खोलीतच पाहायले सांगितलं, म्हणून मी बाहेर शोधलंच नव्हतं.

काल बाबांले सांगून टाकलं. सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. मंग म्हणाले, भाकर मले शिकव. आज पहिली थापली. महाराष्ट्राचा नकाशा निघाला, त्यात विदर्भ जळाला. खाल्ली दोघांनी.

दाखला पाठवतेस का नाही, एवढंच लिही.
ताई

बेसा, नागपूर
१९ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

दाखला आणि मार्कशीट वहीच्या मधल्या पानांत आहेत. कंडक्टरकाकांना तीनदा बजावलं. चौथ्यांदा ते म्हणाले, बाई, आता तूच चालव गाडी.

तुझं पत्र परत परत वाचलं. या माश्यांतली कामकरी जन्माची कामकरी नसते, ती उडून जाऊन स्वतःचं घर करू शकते, हे मीच मैत्रिणींना समजावून सांगत असते. आणि तुला मात्र दिवाळीपर्यंत थांब म्हटलं. बाबांचं पथ्य हे निमित्त होतं, ताई. तू नसलेलं घर मला नको होतं. खरं सांगू, अजूनही नकोच वाटतं. एसटीतून उतरून फाटकाशी आल्यावर मी हाक कुणाला मारायची?

पहिलं पान सध्या कोरं ठेवलं आहे. वहीतलं ‘हरवली’ खोडून ‘पेरूचं झाड, चार घरं’ असं लिहिलं. ती कधी उडाली तो रकाना रिकामाच राहील. आपण दोघीही तेव्हा दुसरीकडे पाहत होतो.

दिवाळीत येते. तू वाचत बसली असशील तर उठू नकोस. फाटक मी उघडून घेईन.

लांब गेलीस तरी माझ्यावर रागावायचा हक्क सोडू नकोस.
तुझी
हर्षा