नुसते ओठ हलव

बाबा, आज दुपारी टीव्हीवर तो रॉकस्टारचा सिनेमा लागला होता. पनवेलच्या थिएटरात तू मला दाखवला होतास, तोच. त्यातल्या गायकाचा घसा बसलेला असतो आणि मॅनेजर त्याला इंजेक्शन टोचून स्टेजवर ढकलतो, तेव्हा तू केवढा चिडला होतास! "मानूस हाय का मशीन? याला बाप नाय वाटतं," असं इतक्या मोठ्यानं बोललास की पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. मला काय भारी वाटलं होतं! मला तर बाप आहे, आणि मी गाते ती बेंजो पार्टीही त्याचीच. मग मला कसली भीती?

तेव्हा आपल्या हळदीच्या गाण्यांच्या सीडीच्या कव्हरवर माझा फोटो आला होता. कोन गावापासून ओव्यापर्यंत कुठेही हळद असली की लोकांना मीच हवी असायचे. त्या सीझनला लागोपाठ गाऊन माझा घसा गेला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर कुजबुजायचंसुद्धा नाही. ओव्याची हळद दुसऱ्याच दिवशी होती. तू म्हणालास, "गाऊ नको तू. मागल्या हळदीचं रेकॉर्डिंग हाय. नुसते ओठ हलव." मी मान डोलावली. तुझं काही चुकेल असं मला वाटायचंच नाही.

आपल्याकडे हळदीच्या गाण्यात त्या घरच्या थोरांची नावं घेतात. नवरदेवाचा आजा कोरी टोपी घालून पुढच्याच खुर्चीत बसला होता, आपलं नाव कधी येतंय याची वाट बघत. मी माईक धरून उभी आहे आणि स्पीकरवर माझ्याच आवाजात मागच्या हळदीच्या घरच्या आजाचं नाव येतंय. मग तिथल्या मामाचं. नाचणारे थांबले. आजानं मान खाली घातली. मी तुझ्याकडे बघितलं. तू बेंजो खाली ठेवलास, रेकॉर्डिंग बंद केलंस, माझ्या हातातला माईक घेतलास आणि हसत म्हणालास, "माफ करा मंडळी. पोरगी फेमस झाली ना, डोक्यात हवा गेली. आपल्याच मान्सांची नावं याद नाय तिला."

अख्खा मांडव हसला. मला ओरडून सांगायचं होतं, पण घशातून नुसती घरघर निघाली, आणि ते तुला पक्कं ठाऊक होतं. परत येताना टेम्पोत म्हणालास, "पार्टीचं नाव रायला पायजे. तुझं काय, लोकं इसरतील." कुणी विसरलं नाही, बाबा. घसा सुटला तरी मी पुन्हा माईक धरला नाही, आणि तू एकदाही का म्हणून विचारलं नाहीस. पुढच्या सीझनला दुसरी पोरगी आणलीस.

मध्यंतरी त्या आजाची सून मार्केटात भेटली. म्हणाली, "आमचा म्हातारा जाईपर्यंत बोलायचा, तिनं माझंच नाव कसं नाय घेतलं?" खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं, काकी." दगा दिलास तू, आणि माफी अजून मी मागत फिरते!

आईला वाचून दाखवायचं म्हणून हे लिहायला घेतलं. ती आता स्वयंपाकघरात शेजारणीला सांगतेय, आमच्या ह्यांनी पोरीला कसं फुलासारखं जपलं. नाही दाखवणार तिला. तिच्यापुढे तू तसाच राहावास असं मलाही वाटतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.