मोरचुदाची बाग

बाबा,

एका सकाळी मी तुमच्या धाकट्याचा पाय पुरला. अकोल्याच्या दवाखान्यात गुडघ्याखालून कापलेला पाय त्यांनी कापडात गुंडाळून माझ्याकडे दिला. आपल्या सोनाळ्यापर्यंत तो माझ्या मांडीवर होता. जित्या माणसाचा पाय पुरताना काय म्हणायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. मी रामनाम घेतलं आणि खड्डा बुजवला.

जखम मोठी नव्हती. संत्र्याची वाळकी फांदी तोडताना कुऱ्हाड सटकून पायावर बसली. त्यानं तुम्ही करायचात तेच केलं. बुंध्याजवळची मूठभर माती जखमेत दाबली, वरून चिंधी बांधली. "आपल्या वावराची माती दवाई हाय," हे तुमचंच बोलणं. लहानपणी माझं फुटलेलं डोकंही तुम्ही असंच मातीनं बंद केलं होतं, आणि रडलो म्हणून वर थोबाडीत दिली होती.

पण त्याच मातीत तुम्ही, बुंध्यातून डिंक गळतो त्या डिंक्या रोगासाठी, जन्मभर मोरचूद ओतलं. तुमच्यामागं आम्हीही ओतलं. बुंधे निळे, आमची नखं निळी. धाकट्याचा पाय काळा पडला, काळेपणा वर चढू लागला आणि एकेक इंजेक्शन वाया गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोरचुदातलं तांबं मातीत साचतं. त्यात तगलेले जंतू कधीकधी औषधालाही दाद देत नाहीत. इथं तसंच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही." मला तेवढं पुरलं.

झाडं उभी आहेत तोवर मोरचूद सुटणार नाही. बाग तोडतो म्हटल्यावर धाकट्यानं खाटेवरून कुबडी फेकून मारली. ती माझ्या कानशिलाला लागली.

"पाय माहा गेला, अन् बाग तू तोडून राह्यला? बाबाले काय सांगशीन, भाऊ?"

"बाबा मेले."

"हाव, मंग झाडं काऊन मारतं?"

मी मारुतीच्या पाया पडलो आणि दुसऱ्या दिवसापासून एकट्यानं तोडायला लागलो. मशीन बोलावली नाही. धाकटा रोज बांधावर बसून आईवरून शिव्या द्यायचा. मग शिव्या थांबल्या, हुंदके ऐकू यायला लागले. मी कुऱ्हाड थांबवली नाही. तांबं मातीतच राहणार, हे मला कळतं.

आज शेवटचं झाड पाडलं. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. घाव घालताना मला तुमची पाठ दिसत होती, आणि बरं वाटत होतं.