घड्याळजीची कवळी

३ जून

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तू पाठवलेला फुटाण्या-शेंगदाण्यांचा डबा पोचला. या वयात प्रथिनं रोज पोटात गेली पाहिजेत, नाहीतर अंगातलं बळ ओसरतं, हे तुझं भाषणही मुकाट्याने वाचलं. दुपारच्या चहाबरोबर मूठभर खातो. खमंग भाजलेत हो! दुकान ठीक. शेजारचा शिंपी अजून घसा फाडून गातो, आणि खिडकीतली कबुतरं हल्ली फार माजली आहेत. माझी काळजी करू नकोस.
आशीर्वाद आहेतच,
दादा

१९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तुझा भाचा कामासाठी तिकडे येऊन गेला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, मामाच्या सदऱ्याच्या गळ्यात आता दोन मामा मावतील. त्याने अंडी मागवली तर तू पोट भरल्याचं सांगितलंस आणि चहात बिस्किटं बुडवून खाल्लीस. बोलताना सारखा रुमाल तोंडाशी. आणि खिडकीत कबुतरं माझे फुटाणे टिपत होती म्हणे! मी काय कबुतरांसाठी चुलीपाशी घाम गाळला? थापा पुरे झाल्या. काय झालंय ते सरळ लिही.
रागावलेली, तरी तुझीच,
चिमणी

२७ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ. लिहायला घेतो आणि कागद फाडतो, असं चाललंय. लाज वाटते गं.
कवळी हिरडीला टोचत होती. जन्मभर लोकांच्या वस्तू दुरुस्त केल्या, आपली वस्तू दुसऱ्याकडे न्यायची म्हणजे जिवावर आलं. कानस हाताशी होतीच. जरा घासली, लावून पाहिली, पुन्हा जरा घासली. शेवटी इतकी सैल झाली की बोलताना जिभेवर येते. घरी उचकटून आणलेलं घड्याळ दिसलं की मी गिऱ्हाइकाची कशी बिनपाण्याने करतो, ते तू पाहिलंयस. आता मी कोणत्या तोंडाने कवळीवाल्याकडे जाऊ?
म्हणून चहा-बिस्किटं आणि पातळ भात. परवा दुकानाचं शटर अर्ध्यावर अडलं. शिंप्याला सांगितलं, गंज धरलाय. गंज कसला, माझेच हात थकले. काल चिमट्यातून बारीक स्क्रू निसटला तो निसटलाच. दुकान बंद करावं म्हणतो. भाच्याला यातलं काही सांगू नकोस.
दादा

२ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. आधी पोट धरून हसले, मग रडले. दुकान बंद करायला तयार, पण कवळीवाल्यापुढे तोंड उघडायला नाही!
मला दात यायचे होते तेव्हा तू शाळेतून येऊन डाळभात बोटांनी कुस्करून मला भरवायचास, आई सांगायची. तेव्हा मी लाजले होते का रे?
फुटाणे दळून पीठ पाठवतेय, ते दुधात कालव. शेंगदाण्याचं कूट दह्यात घाल. डाळ घट्ट शिजवून घोट, अंडं मऊसर कर. एकाच वेळी ढीग नको, दर जेवणात थोडं थोडं. आणि कवळीवाल्याकडे जा. नाहीतर मी येईन आणि शिंप्यादेखत कान धरून नेईन.
तुझ्या हाताचे घास न विसरलेली,
चिमणी

२४ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. उ. आ. गेलो बाई एकदाचा. कवळीवाल्याने जुनी कवळी उजेडात धरली, कानशीचे ओरखडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने काही विचारलं नाही, नुसती खुर्ची पुढे सरकवली. नवी छान बसली आहे. तोवर तुझं पीठ, दही, डाळ नेमाने चालू होतं. काल शटर एकट्याने वर केलं. शिंपी चक्क गाणं थांबवून बघत राहिला.
आज एक बाई आल्या. घड्याळाचं मागचं झाकण सुरीने उचकटलेलं. ते टेबलावर ठेवताना त्या माझ्याकडे बघेनात. नेहमीचे शब्द माझ्या जिभेवर आले होते. गिळले, आणि स्टूल पुढे सरकवलं.
आता फुटाणे अख्खेच पाठव. कबुतरांना सांगून ठेवलं आहे.
तुझा,
दादा