फोर्कलिफ्टची खुर्ची

१० ऑक्टोबर
कोरियातल्या इंचॉनमध्ये, कचरा छाननीच्या शेडमध्ये रुजू. शी! चुसॉकचा सण संपला, आणि अख्ख्या शहराने भेट आलेल्या माशांचे थर्मोकोलचे डबे न धुता इकडे ढकललेत. कचरा वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर नऊ बायका, सगळ्या पन्नाशीपुढच्या. डायपर, सुया, सडकी किमची हाताने वेचतात. पुरुष मशीनवर. मी दाबून बांधलेल्या कचऱ्याचे गठ्ठे मोजतो. दोनदा ओकलो. संकल्प: पंधरा दिवस काढायचे, मग जेजू बेट. तिथे सर्फिंग शिकायचं. किंवा गिटार.

१४ ऑक्टोबर
फोर्कलिफ्टवाला काम सोडून गेला. सुन-रे मावशी लगेच प्यो मॅनेजरकडे. एकोणीस वर्षं पट्ट्यावर उभ्या आहेत, सकाळी बोटं मिटत नाहीत. फोर्कलिफ्टचं लायसन्स दोन वर्षांपूर्वीच काढलंय, ते दाखवलं. म्हणाल्या, आता बसायचं काम द्या, नाहीतर हात जातील. साहेब म्हणाले, तुमच्याशिवाय पट्टा कसा चालायचा? आणि ते पुरुषाचं मशीन आहे. मग माझ्याकडे बघितलं.
चार दिवसांत फोर्कलिफ्ट माझ्याकडे! लीडरशिप लपत नाही. लायसन्स नाही, पण आठवड्यात काढतो. शिकवणार कोण, तर मावशीच. जेवणाच्या सुट्टीत.

१७ ऑक्टोबर, दुपार
प्रॅक्टिस. गठ्ठ्यांची रास पाडली. ब्रेक बेभरवशाचे. गठ्ठ्यांतलं कुजकं पाणी मानेवर. अजून वास येतोय. मावशी म्हणाल्या, आधी काटे खाली घे, मग हल. नंतर म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरा. तुला लायसन्स जन्मतःच मिळालंय." बायका फार हसल्या. का ते कळलं नाही. पण मावशींनी माझ्यातला ड्रायव्हर ओळखला.

२२ ऑक्टोबर
टेस्ट. वाटेत धक्क्यावर सीगलना कोळंबीचे चिप्स भरवत बसलो, उशीर झाला. दोन खांब पाडले. नापास. परीक्षकाची नजरच वाईट.

२७ ऑक्टोबर
महापालिकेची तपासणी. लायसन्सवालाच हवा, म्हणून आजच्यापुरत्या मावशी फोर्कलिफ्टवर. मी त्यांच्या जागी पट्ट्यावर. सोपं असेल वाटलं. पहिल्या दहा मिनिटांत मेलेलं मांजर. मग उघडं सॅनिटरी पॅड, मग काहीतरी मऊ, कोमट. ओकलो. पट्टा तीनदा थांबला. मावशींनी एकही गठ्ठा पाडला नाही. तपासनिसांनी त्यांचा फोटो काढला. त्या हसत होत्या. हसताना पहिल्यांदाच बघितलं.

२८ ऑक्टोबर
सकाळी प्यो साहेबांनी सगळ्यांसमोर हिशेब मांडला: मावशी नसल्या की पट्टा तीनदा बंद. म्हणजे मावशी पट्ट्यावरच. फोर्कलिफ्ट माझी, लायसन्स येईल तेव्हा येईल. मावशींनी हातमोजे चढवले.
निषेध म्हणून राजीनामा द्यायचं ठरवलं. आधी जरा बसून विचार करावा म्हणून फोर्कलिफ्टवर चढलो. खुर्ची त्यांच्या पायांच्या मापाने पुढे ओढलेली. माझे गुडघे अडकले. मागे कशी करायची ते कळेना.
मावशींना हाक मारली. त्या पट्टा सोडून आल्या, खाली वाकून खटका ओढला, आणि परत गेल्या.
आता आरामात बसतोय.